एक पलटण, एक वर्ष : अमेरिकन क्रांतियुद्धाचा अभ्यास आणि रीइनॅक्टमेंट कुठून सुरू करावी

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो, प्रिन्स्टन या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. तिथून गाडीने साधारण तासाभराच्या आत अमेरिकन क्रांतियुद्धाची तीन रणांगणं येतात : ट्रेंटन (२६ डिसेंबर १७७६), प्रिन्स्टन (३ जानेवारी १७७७) आणि मॉनमथ (२८ जून १७७८). कुणाला मुलांच्या शाळेतल्या प्रकल्पामुळे या काळाची गोडी लागते, कुणाला २०२६ च्या, अमेरिकन स्वातंत्र्याच्या अडीचशेव्या वर्षाच्या गाजावाजामुळे. मग रणांगणावर तंबू ठोकून, जुन्या वेषात कवायत करणारी मंडळी दिसतात (यालाच रीइनॅक्टमेंट म्हणतात) आणि आपणही त्यात उतरावं असं वाटू लागतं. इथे बहुतेक जण पहिलं काम करतात ते निळा कोट आणि तीन कोनांची टोपी मागवण्याचं. तो कोट पुढे दिवाळीच्या कार्यक्रमातल्या नाटकालाच उपयोगी पडतो.

क्रम उलटा धरा : आधी कागद, मग कापड, बंदूक सगळ्यात शेवटी. ज्यांना वेष करायचा नाही, फक्त संशोधन करायचं आहे, त्यांनी कागदाचा भाग नीट वाचावा. तो पुण्या-नागपुरात बसूनही जवळजवळ पूर्ण करता येतो.

पलटण आणि वर्ष ठरवा

"क्रांतियुद्धातला शिपाई" असा सरसकट कुणी नव्हता. युद्ध १७७५ ते १७८३ चाललं. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनच्या मैदानात उभे राहिले ते गावचे मिलिशियावाले, म्हणजे गरजेपुरती बंदूक उचलणारे गावकरी, घरच्याच कपड्यांत. यॉर्कटाउनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी ब्रिटिशांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा समोर उभं होतं ते कवायती सैन्य, शेजारी फ्रेंच फौज. मधल्या सहा वर्षांत कपडे, कवायत, बंदुका सगळंच बदललं. म्हणून "एक रेजिमेंट, एक वर्ष" हे आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याला विचारून घ्या.

नमुन्यादाखल आपण न्यू जर्सी ब्रिगेड घेऊ. जनरल विल्यम मॅक्सवेल यांच्या हाताखालची ही ब्रिगेड ब्रँडीवाइनला होती, जर्मनटाउनला होती, मॉनमथला होती. १७७९-८० चा हिवाळा, त्या शतकातला अतिशय कडक हिवाळा, तिने मॉरिसटाउनजवळ जॉकी हॉलोच्या परिसरात लाकडी झोपड्यांत काढला. ती जागा आज मॉरिसटाउन नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचा भाग आहे. १९३३ साली स्थापन झालेलं हे या प्रकारचं देशातलं पहिलं उद्यान. घराजवळची पलटण घेण्याचा फायदा मोठा असतो : जागा पायाखालची, राज्याचं दप्तर हाताशी आणि बहुधा त्याच पलटणीचा वेष करणारा गटही जवळपास सापडतो.

माणसं शोधा : हजेरीपट आणि पेन्शनच्या फायली

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

वॉशिंग्टनमधल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये या युद्धाच्या सैनिकांचे कागद मुख्यतः तीन मालिकांत आहेत आणि त्यांचे मायक्रोफिल्म क्रमांक पाठ असलेले बरे, कारण सगळीकडे त्याच नावांनी ते सापडतात. एम-२४६ म्हणजे मूळ हजेरीपट आणि पगारपत्रकं. एम-८८१ म्हणजे नंतरच्या काळात युद्धखात्याच्या कारकुनांनी मूळ कागदांवरून एकेका शिपायाच्या नावाने केलेली कार्डं. एम-८०४ म्हणजे पेन्शन आणि जमिनीच्या हक्कासाठी केलेले अर्ज. या सुमारे ८०,००० फायली आहेत.

सुरुवात एम-८८१ ने करा. कार्डावर रेजिमेंट, कंपनीच्या कप्तानाचं नाव, भरतीची तारीख, कधी आजारी, कधी रजेवर, कधी पळून गेला असं मिळतं. नावाच्या स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, एकाच माणसाची तीन-चार रूपं सहज निघतात. कप्तानाच्या नावाने शोधलं तर अख्खी कंपनी समोर येते, आणि तेच जास्त उपयोगाचं. एकटा शिपाई दोन ओळींत संपतो, कंपनी मात्र महिन्यामहिन्याने वाचता येते : मे महिन्यात किती जण उभे होते, जुलैत किती रुग्णालयात.

मग एम-८०४ कडे वळा. या फायली म्हणजे खजिना, पण त्या का लिहिल्या गेल्या हे समजून घेतल्याशिवाय फसवतात. ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत युद्धखात्याचे कागद जळाले, त्यामुळे त्याआधीचे अर्ज जवळजवळ नाहीतच. १८१८ च्या कायद्याने खंडीय सैन्यात, म्हणजे वसाहतींच्या काँग्रेसने उभारलेल्या फौजेत, किमान नऊ महिने नोकरी केलेल्या गरजू सैनिकांना पेन्शन मिळू लागली, साध्या शिपायाला महिन्याला ८ डॉलर. अर्जांचा पूर आला, तेव्हा १८२० मध्ये सरकारने सगळ्यांकडून मालमत्तेची यादी मागितली. या याद्या वाचताना मन थांबतं. जोसेफ प्लंब मार्टिन पंधराव्या वर्षी, १७७६ मध्ये, भरती झाला, पुढे सुरुंग-खंदकवाल्यांच्या तुकडीत सार्जंट झाला आणि यॉर्कटाउनच्या वेढ्यात होता. त्याच्या १८२० च्या यादीत अंथरूण-कपडे सोडले तर दोन गायी, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर एवढंच आहे.

१८३२ च्या कायद्याने मिलिशियावाल्यांनाही दार उघडलं. सहा महिन्यांची नोकरी पुरे होती. अर्जदाराने न्यायालयात उभं राहून आपली हकीकत सांगायची : जन्म कुठे, भरती कुठून, वरचे अधिकारी कोण, कुठल्या लढाया. म्हणून १८३२ च्या फायली सगळ्यात बोलक्या. पण सांगणारा सत्तरी-ऐंशीतला आणि घटना पन्नास वर्षांपूर्वीची. तो लढाईचा क्रम उलटा लावतो, जनरलचं नाव चुकवतो. तारखांसाठी हजेरीपट खरा धरा. थंडी, भूक, बूट, वाटेतली गावं यांसाठी म्हाताऱ्याचं ऐका.

फाईलच्या क्रमांकाआधीचं अक्षर बघा : एस म्हणजे सैनिकाचा स्वतःचा अर्ज, डब्ल्यू म्हणजे विधवेचा, आर म्हणजे नामंजूर. नामंजूर फायली टाकून देऊ नका. दावा सिद्ध करण्यासाठी तिथे माणसं जास्त साक्षीदार आणतात. विधवांना लग्न सिद्ध करावं लागे, त्यामुळे काही फायलींत घरच्या बायबलमधून कापून काढलेली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानं सापडतात.

पैसे खर्च करायची घाई नको. हे कागद दाखवणारी फोल्डथ्री ही ऑनलाइन सेवा वर्गणीवर चालते, पण अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ती फुकट वापरता येते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे लागत नाहीत. नॅशनल आर्काइव्हजच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये पेन्शनच्या फायली विनामूल्य दिसतात. न्यू जर्सीपुरतं बोलायचं तर विल्यम स्ट्रायकर यांनी १८७२ मध्ये छापलेली राज्यातल्या अधिकारी-शिपायांची नोंदवही अजूनही पहिला दरवाजा आहे, फक्त तिथे थांबायचं नाही.

ट्रेंटनच्या न्यू जर्सी स्टेट आर्काइव्हजमधला एक संग्रह मुद्दाम सांगतो, कारण नवखे लोक तो हमखास चुकवतात : दोन्ही सैन्यांनी १७७६ ते १७८२ दरम्यान केलेल्या नुकसानीच्या याद्या. घर लुटलं गेलं तेव्हा काय काय गेलं हे शेतकऱ्यांनी लिहून दिलं : सदरे, ब्लँकेटं, तांब्याच्या किटल्या, घोड्याचा सरंजाम. त्या काळच्या सामान्य जर्सी घरात खरोखर काय होतं ते इथे कळतं.

पत्रं, हुकूम आणि पळून गेलेल्यांच्या जाहिराती

माणसं सापडली की त्यांना कोणते हुकूम मिळत होते ते बघा. फाउंडर्स ऑनलाइन हा नॅशनल आर्काइव्हजचा विनामूल्य संग्रह २०१३ पासून आहे. त्यात वॉशिंग्टन, हॅमिल्टन, ॲडम्स, जेफरसन, फ्रँकलिन, मॅडिसन यांचे कागद टिपांसह छापील रूपात वाचता येतात. सरसेनापती वॉशिंग्टन यांचे रोजचे "जनरल ऑर्डर्स" तारखेने शोधा. आपल्या पलटणीच्या वर्षातले सगळे हुकूम ओळीने वाचून काढा; कंटाळा येईल, पण छावणीचं रोजचं जगणं दुसरीकडे इतकं सलग मिळत नाही. हस्तलिखितं बघायची असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने वॉशिंग्टन यांचे कागद आणि त्या काळचे नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. १७७४-७६ साठी पीटर फोर्स यांचा "अमेरिकन आर्काइव्हज" हा जाडजूड संग्रह नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात ठेवला आहे.

कपड्यांसाठी मात्र सगळ्यात उत्तम साधन म्हणजे वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. शिपाई पळाला की कप्तान छापून आणायचा : उंची इतकी, केस असे, अंगावर तपकिरी कोट, चामड्याची ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार), एका गुडघ्यावर ठिगळ. कुठल्याही चित्रापेक्षा हे वर्णन खरं, कारण माणूस ओळखू यावा म्हणूनच ते लिहिलेलं असे. न्यू जर्सीच्या वर्तमानपत्रांतले १७७६ ते १७८२ चे उतारे "न्यू जर्सी आर्काइव्हज"च्या दुसऱ्या मालिकेत पूर्वीच छापले आहेत. व्हर्जिनियासाठी कलोनियल विल्यम्सबर्गने व्हर्जिनिया गॅझेटचे अंक खुले केले आहेत. एक सावधगिरी : त्या नावाची एकापेक्षा जास्त वर्तमानपत्रं एकाच वेळी निघत होती, तेव्हा नोंद करताना छापणाऱ्याचं नावही लिहा.

पळालेल्या गुलामांच्या आणि बांधील नोकरांच्या जाहिरातीही याच पानांवर आहेत. त्या वाचायला जड जातात, पण वगळू नयेत. त्यात अधूनमधून "ईस्ट इंडियन" असं वर्णन केलेली माणसंही भेटतात, म्हणजे आपल्या उपखंडातून इंग्लंडमार्गे किंवा जहाजांवरून तिथे पोचलेली. नुसतं "इंडियन" असेल तर तो बहुतेक वेळा तिथला मूळनिवासी.

चित्रांबाबत कडक राहा. डेलावेअर नदी ओलांडणारे वॉशिंग्टन हे जगप्रसिद्ध चित्र इमॅन्युएल लॉइट्झ यांनी १८५१ मध्ये जर्मनीत रंगवलं, आणि त्यातला तारे-पट्ट्यांचा झेंडा डिसेंबर १७७६ मधल्या त्या रात्रीनंतर जवळजवळ सहा महिन्यांनी, १४ जून १७७७ ला, ठरला. उलट फ्रेंच अधिकारी द व्हर्जे याने १७८१ च्या सुमारास काढलेली अमेरिकन शिपायांची छोटी जलरंगचित्रं प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची आहेत. ती ब्राउन विद्यापीठातल्या ॲन एस. के. ब्राउन लष्करी संग्रहात आहेत.

समोरच्या बाजूचे कागद

ब्रिटिश रेजिमेंटचे हजेरीपट लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ-१२ या मालिकेत आहेत, राजनिष्ठांचे, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेल्या अमेरिकनांचे, नुकसानभरपाईचे दावे एओ-१२ आणि एओ-१३ मध्ये. सेनापती क्लिंटन आणि गेज यांचे कागद मात्र इंग्लंडमध्ये नाहीत, मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहेत. भाडोत्री जर्मन शिपायांच्या याद्या मारबुर्गच्या दप्तराने प्रसिद्ध केल्या आहेत.

मराठी अभ्यासकाला क्यूमधला पीआरओ ३०/११ हा संच खास वाटावा. ते कॉर्नवॉलिसचे कागद. यॉर्कटाउनला हरलेला हा माणूस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि १७९०-९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्याचे मित्र होते. अमेरिकेतला आणि हिंदुस्थानातला पत्रव्यवहार एकाच संचात आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्धही अमेरिकन युद्धाच्याच काळातलं (१७७५-८२), आणि इंग्रजांना पैसा, जहाजं, पलटणी दोन्हीकडे वाटाव्या लागत होत्या. या जोडरेषेवर मराठीत काम करायला भरपूर वाव आहे.

आता कापड

नमुन्याच्या पलटणीकडे परत येऊ. २ ऑक्टोबर १७७९ च्या हुकुमाने खंडीय पायदळाचा कोट निळा ठरला आणि कॉलर-बाह्यांच्या पट्ट्यांचे रंग राज्यांनुसार : न्यू इंग्लंडला पांढरा, न्यूयॉर्क-न्यू जर्सीला बदामी पिवळसर, पेनसिल्व्हेनिया ते व्हर्जिनियाला तांबडा. म्हणजे मॉनमथचा, १७७८ चा जर्सीवाला करताना हा हुकूम दाखवून चालणार नाही. आणि १७७९ च्या हिवाळ्याचा करतानाही जपून, कारण हुकूम निघाला म्हणून कापड गोदामात आलं असं नाही. त्या हिवाळ्यात शिपाई कपड्यांवाचून हाल काढत होते. त्याआधी २४ जुलै १७७६ ला वॉशिंग्टन यांनी गणवेशाचा खर्च परवडत नाही म्हणून हंटिंग शर्ट, म्हणजे लिननचा सैल झगा वापरायला सांगितलं होतं. नवख्याने तोच शिवावा : स्वस्त, सोपा, आणि अनेक पलटणींना चालणारा.

खरेदीचा क्रम असा ठेवा : बूट, सदरा, ब्रीचेस आणि मोजे, वेस्टकोट, टोपी, मग हंटिंग शर्ट किंवा कोट. बुटांत कंजुषी करू नका; दिवसभर ओल्या गवतात उभं राहायचं असतं. सदरा लिननचा, पांढरा किंवा चौकड्यांचा. कोट लोकरी. पॉलिएस्टर नको, ते खोटं दिसतं हा भाग वेगळा, पण शेकोटीच्या आणि बंदुकीच्या दारूच्या ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. जिथे शिवण दिसते तिथे हाताने शिवा. आपल्याकडे कुणाच्या आईला किंवा आजीला हातशिलाई येत असेल तर तिला आकृती दाखवा. कापडाचे चौकोन वाया न घालवता सदरा बेतायची त्या काळची पद्धत तिला लगेच समजेल.

सुती छापील कापड पूर्ण वर्ज्य नाही. हिंदुस्थानी छिटं आणि मद्रासी रुमाल त्या काळी अमेरिकेत पोचत होते, पण साध्या शिपायाच्या अंगावर ते रुमालापुरते ठेवावेत.

प्रत्येक वस्तूसमोर वहीत पुरावा लिहा : कुठला कागद, कोणती तारीख. पुरावा नसेल तर वस्तू घेऊ नका. दुकानदार "अगदी त्या काळची" म्हणतो तो पुरावा नव्हे.

बंदूक, आणि तिच्या आधी कायदा

ब्रिटिशांची शॉर्ट लँड पॅटर्न मस्केट (लांब नळीची बंदूक) ०.७५ इंच व्यासाच्या नळीची, फ्रेंच शार्लव्हिल ०.६९ इंचाची. १७७७ पासून फ्रेंच बंदुका मोठ्या संख्येने येऊ लागल्या, त्यामुळे इथेही वर्ष महत्त्वाचं. नकला इटलीत होतात तशा भारतातही होतात. भारतीय बनावटीच्या स्वस्त असतात आणि पुष्कळदा रंजकाचं भोक, म्हणजे ठिणगी नळीत जाण्याचं छिद्र, न पाडताच विकल्या जातात. ते भोक घरी पाडायचं नाही. जाणकार बंदूक-कारागिराकडून नळी तपासून घ्या, आणि आपल्या गटाला अशी बंदूक चालते का ते खरेदीआधी विचारा. काही गट साफ नाही म्हणतात.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीची नक्कल "अँटिक" धरली जाते. राज्यांचे कायदे मात्र वेगळे, आणि न्यू जर्सीचे कडक. तुम्ही एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय कोणतीही बंदूक विकत घेऊ नका, उसनी घेऊन घरी आणू नका. छंदापायी ग्रीन कार्ड अडकलं असं व्हायला नको. काळी दारू विमानात कुठल्याही सामानात चालत नाही.

मैदानावरचे नियम सगळीकडे साधारण सारखे : गोळी कधीच नाही, काडतुसातली दारू ठरलेल्या मापाचीच, लढाईच्या प्रयोगात ठासणीचा गज बाहेर काढायचा नाही, गारगोटी जिच्यावर आपटते त्या पोलादी पात्यावर चामड्याचं टोपण आणि रंजकाच्या बाजूला पितळी आडोसा हवा, नळी माणसावर रोखायची नाही. बार उडाला नाही तर बंदूक समोरच्या दिशेला धरून थांबायचं आणि अधिकाऱ्याला सांगायचं. बंदूक धरायचं वय सहसा १६ च्या पुढे.

कवायतीचं पुस्तकही वर्ष बघून घ्या. सैन्याला कवायत शिकवणारे बॅरन फॉन स्टॉयबेन व्हॅली फोर्जच्या छावणीत फेब्रुवारी १७७८ मध्ये आले आणि त्यांची कवायत १७७९ मध्ये छापली गेली. त्याआधी पलटणी वेगवेगळ्या पुस्तकांवर चालत, त्यांत ब्रिटिशांची १७६४ ची कवायत बरीच वापरात होती.

गटात शिरताना

१९६२ मध्ये स्थापन झालेली ब्रिगेड ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही अनेक पलटणींची मोठी छत्रसंस्था. दोन्ही बाजूंचे गट तिच्यात आहेत. जवळच्या गटाला पत्र लिहा आणि त्यात आपण काय वाचलंय ते दोन ओळींत सांगा. बहुतेक गट पहिल्या काही वेळी कपडे आणि सामान उसनं देतात.

कार्यक्रम कुठे आहे यावरून त्याचं स्वरूप ठरतं. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागेवर दोन बाजूंनी एकमेकांवर बार काढणं, मरून पडणं याला मनाई आहे. तिथे छावणी, कवायत, एका बाजूची बंदूक-प्रात्यक्षिकं असतात. मॉनमथ हे राज्याचं उद्यान असल्यामुळे तिथे जूनमध्ये दोन्ही बाजूंची लढाई होते. जर्मनटाउनची अनेक वर्षं ऑक्टोबरच्या सुरुवातीला फिलाडेल्फियातल्या क्लिव्हडेन या जुन्या घराच्या आवारात होत आली, डेलावेअर नदी ओलांडण्याचा प्रयोग नाताळच्या दिवशी. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून जा आणि लढाईपेक्षा छावणीत जास्त वेळ थांबा.

"आपला चेहरा तिथे शोभेल का?" हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. ते सैन्य एकरंगी नव्हतं. ऱ्होड आयलंडच्या पहिल्या रेजिमेंटमध्ये १७७८ पासून गुलामीतून सुटका देऊन काळे आणि मूळनिवासी शिपाई घेतले गेले. द व्हर्जेच्या चित्रात असा एक शिपाई आहेच. बायकाही पलटणीबरोबर असत, धुणं आणि शुश्रूषा करत, शिधा घेत. डेबोरा सॅम्पसन तर पुरुषी नावाने मॅसॅच्युसेट्सच्या रेजिमेंटमध्ये लढली आणि १८०५ मध्ये तिचं नाव पेन्शनीत आलं. बायकांनी फक्त स्वयंपाक करावा अशी अपेक्षा ठेवणारे गटही भेटतात. दुसरा गट शोधा.

जेवणाचं म्हणाल तर काँग्रेसने ४ नोव्हेंबर १७७५ ला ठरवलेला रोजचा शिधा असा : एक पौंड गोमांस, किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, किंवा एक पौंड खारवलेले मासे; एक पौंड पाव किंवा पीठ; एक पाइंट दूध; आठवड्याला तीन पाइंट वाटाणे किंवा बीन्स; शिवाय आठवड्याला अर्धा पाइंट तांदूळ किंवा एक पाइंट मक्याचं पीठ. शाकाहारी माणसाचं वाटाणे, तांदूळ आणि मक्याच्या पिठावर व्यवस्थित भागतं, आणि हिवाळ्यात उपाशी राहिलेल्या पलटणीला तेवढंही मिळत नव्हतं, हे सांगितलं की छावणीत कुणी वाद घालत नाही.

भारतात बसून

वेष नको, पण काम हवं असेल तर पेन्शनच्या फायलींचं वाचन-लेखन उचला. नॅशनल आर्काइव्हज आणि नॅशनल पार्क सर्व्हिस यांनी मिळून स्वयंसेवकांकडून या फायली टंकित करून घेण्याचा प्रकल्प चालवला आहे. खातं उघडून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून पानं उतरवता येतात. हस्ताक्षर सुरुवातीला त्रास देईल : लांब एस हा एफसारखा दिसतो, स्पेलिंगला नियम नाही, शब्द तोडून वर अक्षर काढण्याची सवय. मोडी वाचलेल्यांना हे नवं नाही. १८३२ ची फाईल घ्या, कारण न्यायालयातल्या कारकुनाचं अक्षर बहुधा वळणदार असतं आणि मजकुराची सुरुवात ठरावीक असते. ती ठरावीक सुरुवात एकदा लागली की त्या हाताची सगळी अक्षरं ओळखीची होतात. १८१८ चे कागद आणि छावणीतले हजेरीपट त्यानंतर.